जहाज किनाऱ्यावरून कसे दिसले असेल?

वाचनवेडी_धंतोली

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनमंडळात दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी एक सभासद अर्धा तास बोलतो. या वेळी पाळी माझी आहे आणि हौसेच्या भरात मी विषय देऊन बसले की, परदेशी व्यापारी आणि विजेते आले तेव्हा त्या त्या ठिकाणच्या मूळ लोकांनी ते येणे कसे अनुभवले. विषय देताना तो सोपा वाटला होता. पंधरा दिवस टिपणे काढल्यावर आता लक्षात येते आहे की, माझ्या वहीतले जवळजवळ प्रत्येक वाक्य जहाजावरच्या माणसाचे आहे.

एकच उदाहरण देते. वास्को द गामा हा पोर्तुगीज दर्यावर्दी २० मे १४९८ रोजी केरळातल्या कालिकतला पोचला, ते त्याच्या ताफ्यातल्या एका माणसाने ठेवलेल्या रोजनिशीवरून कळते. तिथल्या सामूतिरी राजाला देण्यासाठी गामाने जी भेट काढली तीत पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार तांबड्या शिरटोप्या, सहा साध्या टोप्या, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा भांडी, साखरेची एक पेटी आणि तेलाची व मधाची दोन-दोन पिंपे होती. राजाचे कारभारी ती पाहून हसले आणि म्हणाले की, मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून अधिक देतो. हे हसू मला फार आवडले. पण तेही पाहुण्यानेच लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत पोचले.

तेव्हा प्रश्न असा की, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे स्वतःचे बोलणे कुठे सापडते? श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे आहेत, चोखंदळ आहेत आणि "हे कशावरून?" असे हमखास विचारणारे आहेत.

तर्रीबाज

ताई, सहा टोप्या आणि हात धुण्याची सहा भांडी ही यादी वाचून मला आमच्याकडच्या लग्नातल्या आहेराची आठवण झाली. तिथेही भेट उघडल्यावर घरचे लोक असेच हसतात, फक्त रोजनिशी कोणी लिहीत नाही.

पोथीबंद

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर अगदीच रिकामे नाही. मेक्सिकोपुरते तरी किनाऱ्यावरचे बोलणे सापडते, मात्र ते एका परक्याच्याच हातून आलेले आहे. बर्नार्दिनो दे साआगून नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या मूळच्या नाहुआ लोकांतल्या जाणत्या वृद्धांना आणि लिहिणाऱ्या तरुणांना हाताशी धरून त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत बारा भागांचा प्रचंड ग्रंथ तयार करवला. त्याचा बारावा भाग कोर्तेस या स्पॅनिश सेनानीच्या १५१९ मधल्या आगमनाबद्दल आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी झालेल्या तेनोच्तित्लान या राजधानीच्या पाडावाबद्दल आहे.

त्यात घोडे हे हरणांसारखे प्राणी आहेत, कारण त्या प्रदेशात घोडा कोणी पाहिलेलाच नव्हता. पाठीवर माणूस वाहणारे हरीण, असे ते वर्णन आहे. स्पॅनिश लोकांच्या शिकारी कुत्र्यांचे डोळे पेटल्यासारखे पिवळे आहेत, त्यांची जीभ लोंबते आहे. आणि सोने हाती आल्यावर हे पाहुणे माकडासारखे ते उचलून पाहतात, डुकरासारखे त्याला भुकेलेले आहेत, असे सांगणाऱ्याने सांगितले आहे. ज्यांनी ते सांगितले त्यांच्या दृष्टीने सोन्यापेक्षा क्वेत्झाल पक्ष्याची हिरवी पिसे मोलाची होती. त्यामुळे सोन्यासाठी पिसांची ढालसुद्धा फोडून-जाळून टाकणाऱ्या माणसांकडे ते कोणत्या नजरेने बघत असतील याची कल्पना करावी.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मेक्सिकोच्या लोकांनी स्पॅनिशांना देव मानले आणि म्हणून ते हरले, ही गोष्ट व्याख्यानात फार रंगते, पण ती पराभवानंतर काही दशकांनी लिहिलेल्या मजकुरांत ठळक होते आणि आजचे बरेच अभ्यासक तिच्याकडे संशयाने पाहतात. हरलेल्यांच्या नातवंडांना स्वतःच्या आजोबांच्या हरण्याचे काहीतरी कारण हवे असते, आणि जिंकलेल्यांना तर अशी गोष्ट आवडणारच.

सक्करदरा

देव मानले वगैरे सोडून द्या, ते हरले याची कारणे अगदी लौकिक होती. कोर्तेसबरोबर स्पॅनिश माणसे शेकड्यांत होती, पण तेनोच्तित्लानला वेढा पडला तेव्हा त्याच्या बाजूने लढणारे त्लाश्काला आणि इतर राज्यांचे लोक हजारोंनी होते, कारण त्यांचे मेक्सिकोच्या राजाशी जुने हाडवैर होते. शिवाय १५२० मध्ये देवीची साथ आली आणि मेक्सिकोचा राजा मोतेकुसोमा याच्यानंतर गादीवर बसलेला क्वित्लाहुआक जेमतेम ८० दिवसांत तिला बळी पडला. घरभेदी आणि रोगराई हे दोन्ही पाहुण्याच्या बाजूने असल्यावर तलवारीला काम कितीसे उरते?

पोथीबंद

सहमत, फक्त "घरभेदी" हा शब्द जपून वापरावा असे वाटते. त्लाश्कालाचे आणि तेनोच्तित्लानचे लोक स्वतःला एका घरचे मानतच नव्हते. "मूळ रहिवासी" ही एकच जमात होती, हे जहाजावरून दिसलेले दृश्य आहे.

तर्रीबाज

मेक्सिको आलेच आहे तर ऋण मान्य करून टाकावे म्हणतो. मिरची तिकडची आणि टोमॅटोही अमेरिकेतलाच. टोमॅटो, चॉकलेट हे शब्दसुद्धा त्याच नाहुआत्ल भाषेतून फिरत फिरत जगभर गेले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी मिरची आपल्याकडे आणली नसती तर सावजी रस्सा पिवळसर, गरीब आणि निरुपद्रवी राहिला असता आणि मला या संस्थळासाठी दुसरे टोपणनाव शोधावे लागले असते.

अंबाझरी_काठी

तर्रीबाज यांनी स्वयंपाकघर काढलेच आहे तर मी जायफळ काढते. होळीच्या पुरणासाठी सहाणेवर जायफळ उगाळताना दरवर्षी माझ्या मनात एक बेट येते आणि घरात ते कोणाला सांगितले तर सणाच्या दिवशी हे काय, असे म्हणतात.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगातले सगळे जायफळ इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या लहानशा बेटांवर पिकत होते. बांदाचे लोक अडाणी नव्हते. जावा, मलाक्का, अरब, चिनी अशा सगळ्यांशी त्यांचा शतकानुशतके व्यापार चालला होता, भाव कसा करायचा ते त्यांना ठाऊक होते आणि तांदूळ-कापड घेऊन जायफळ द्यायचे, हा त्यांचा व्यवहार होता. डच कंपनीने येऊन सांगितले की, यापुढे जायफळ फक्त आम्हालाच विकायचे, तेही आमच्या भावाने. बांदाच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी काहींनी करारावर निशाणी केली, पण इतरांना जायफळ विकणे थांबवले नाही. कारण अशा कराराचा त्यांच्या रीतीत काही अर्थच नव्हता, आणि डच जो माल आणत त्यावर बेटाचे पोट भरत नव्हते. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून मोठा ताफा घेऊन आला. चाळीसहून अधिक प्रमुखांची डोकी भाडोत्री जपानी सैनिकांकडून उडवली गेली आणि सुमारे १५ हजारांच्या लोकसंख्येपैकी बेटांवर हजारभर माणसे उरली, बाकीची मेली, पळाली किंवा गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेली गेली. नंतर त्या बागा डच मळेवाल्यांना वाटून दिल्या आणि कामाला बाहेरून गुलाम आणले.

ताई, तुमच्या श्रोत्यांना जायफळ माहीत आहे. त्याच्यापासून सुरुवात केली तर "हे कशावरून?" म्हणायच्या आधी ते ऐकू लागतील.

वाचनवेडी_धंतोली

अंबाझरीताई, बांदाचे मी नुसते नाव वाचले होते. जायफळ नक्की घेते. पण पाहा, या हकीकतीतही कून बोलतो, त्याच्या कंपनीचे कागद बोलतात आणि बांदाचे लोक फक्त मरतात. माझी अडचण तिथेच आहे.

ऑकलंडचा_नागपूरकर

त्या अडचणीवर इकडचे एक उदाहरण देतो, कारण इथे किनाऱ्यावरच्या लोकांचे बोलणे कागदावर आहे आणि त्यावर आजही न्यायनिवाडा चालतो. ६ फेब्रुवारी १८४० रोजी न्यूझीलंडमध्ये वायटांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे माओरींचे, प्रमुख यांच्यात करार झाला. हेन्री विल्यम्स या धर्मोपदेशकाने मुलाच्या मदतीने ४ फेब्रुवारीच्या रात्रीत त्याचे माओरी भाषांतर केले. इंग्रजी मजकुरात माओरींनी आपले सार्वभौमत्व राणीला दिले असे म्हटले आहे. माओरी मजकुरात त्या जागी "कावानातांगा" हा शब्द आहे, जो गव्हर्नर या शब्दावरून घडवलेला होता आणि ज्याचा अर्थ फार तर कारभार पाहणे असा होईल. उलट दुसऱ्या कलमात जमिनी, गावे आणि सर्व मोलाच्या गोष्टींवर प्रमुखांचे पूर्ण "रांगातिरातांगा", म्हणजे त्यांची सरदारकी, कायम राहील असे लिहिले आहे. पाचशेहून अधिक प्रमुखांनी करारावर सह्या वा निशाण्या केल्या आणि त्यांतल्या फक्त ३९ इंग्रजी प्रतीवर आहेत.

म्हणजे एकाच दिवशी एकाच मांडवाखाली एका बाजूने देश घेतला आणि दुसऱ्या बाजूने देश राखून फक्त एक कारभारी ठेवला. १९७५ मध्ये यासाठी खास न्यायाधिकरण नेमले गेले आणि माझ्या कार्यालयातले माओरी सहकारी हा मजकूर आपल्याकडे सातबारा वाचतात तितक्या बारकाईने वाचतात.

काळी_माती

सातबाऱ्याचे नाव निघाले म्हणून लिहितो. जमीन विकली की नुसती वापरायला दिली, हा घोळ तिथेही आहे आणि इथेही. १६२६ मध्ये डचांनी आजच्या न्यूयॉर्कमधले मॅनहॅटन बेट ६० गिल्डरच्या मालात घेतले, ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. वास्तविक त्या सौद्याचे खरेदीखतच उपलब्ध नाही, फक्त एका डच अधिकाऱ्याच्या पत्रात उल्लेख आहे. आणि तिथल्या लेनापे लोकांच्या रीतीत जमीन वापरण्याचा हक्क वाटून घेता येत होता, जमीन कायमची कोणाची होत नव्हती.

आपल्याकडे १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि त्याच दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी बहाल केली. त्याआधी मालगुजार हा प्रामुख्याने सारा गोळा करून देणारा माणूस होता. माझे पणजोबा मालगुजार होते, आमच्या घरी त्या सनदेची नक्कल चौकटीत लावलेली आहे आणि लहानपणापासून तिच्याकडे अभिमानाने पाहत आलो आहे. त्या कागदाने आम्हाला जे दिले ते गावातल्या कोणाकडून तरी गेले असणार, हा विचार पन्नाशीनंतर सुचला.

आता मुद्द्याचे बोलतो. वाचनवेडीताई कालिकत, मेक्सिको फिरून आल्या, पण बोलणार आहेत नागपुरात. हे गाव तरी कोणाचे होते? देवगडच्या बख्त बुलंद शहा या गोंड राजाने अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला इथल्या बारा वाड्या जोडून ते वसवले. त्याचा वारस चांद सुलतान १७३९ मध्ये गेला, गादीवरून तंटा झाला आणि विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. त्यांनी येऊन तिच्या मुलांना गादी मिळवून दिली, पुढे त्या भावांचेही आपसांत बिनसले, आणि १७४३ पासून रघूजी इथेच राहिले. गोंड राजाला पदवी, किल्ला आणि तनखा उरला. बोलावलेला पाहुणा घरमालक झाला, हे उदाहरण नागपूरच्या महाल भागात चालत जाऊन पाहता येते.

सक्करदरा

काळी_माती यांच्याशी तीव्र असहमती नोंदवतो. भोसल्यांना कून आणि कोर्तेस यांच्या पंगतीला बसवणे अन्यायाचे आहे. भोसले सात समुद्रांपलीकडून आले नव्हते. ते इथे राहिले, इथले झाले, त्यांनी तलाव, बाजार, मंदिरे बांधली आणि नवा राजा गादीवर बसे तेव्हा गोंड राजाच्या हातून टिळा लावून घेण्याची रीत पाळली. परका कोण, ते अंतरावरून ठरत नसेल, पण लूट कुठे गेली यावरून नक्की ठरते. डचांचे जायफळ ॲमस्टरडॅमला गेले.

खरे परके पाहायचे असतील तर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ चे दोन दिवस पाहा. सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांशी लढाई झाली, अप्पासाहेब भोसले हरले, पुढे कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले. आणि त्यांना आसरा कोणी दिला? तिथल्या गोंडांनीच. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले आणि राजवाड्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. हत्ती, घोडे, बैल याच सीताबर्डीवर मातीमोलाने विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले. वृद्ध राणी बाकाबाई शेवटपर्यंत विरोध करत राहिल्या. हा मूळ रहिवाशांचा अनुभव नाही तर काय आहे?

हावडा_मेल

सक्करदराकाका, लूट कुठे गेली यावरून परका ठरत असेल तर आपली पंचाईत आहे.

माझे माहेर नागपूरचे, सासर कोलकात्याचे. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासूबाई पुतणीच्या बाळाला थोपटत होत्या आणि एक अंगाईगीत म्हणत होत्या. तिथे ते घरोघरी ठाऊक आहे. मूल झोपले, पाडा निवांत झाला आणि देशात "बर्गी" आले. धान बुलबुलांनी खाल्ले, आता सारा कशाने भरायचा, असा त्याचा आशय. मी भाबडेपणाने विचारले, बर्गी म्हणजे कोण? त्या क्षणभर थांबल्या, माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "तुमचेच लोक, बौमा (सूनबाई)."

बर्गी म्हणजे बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. १७४२ पासून रघूजी भोसल्यांच्या फौजा जवळजवळ दरवर्षी बंगालवर गेल्या. पहिल्या स्वारीचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये बंगालचा नबाब अलीवर्दीखान याने वाटाघाटीला बोलावून दग्याने मारले. १७५१ च्या तहाने ओडिशा आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई नागपूरला मिळू लागली. त्या दहा वर्षांत गंगेच्या पश्चिमेकडच्या गावांतले विणकर आणि शेतकरी घरे सोडून पूर्वेला पळाले, आणि इंग्रजांच्या कलकत्त्याने मराठ्यांच्या भीतीने भोवती खंदक खणायला घेतला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर तेव्हाच काव्य लिहिले आणि त्याचे नाव "महाराष्ट्र पुराण" आहे, म्हणजे पुराणात जागा मिळाली ती अशी.

मी नागपूरला बदनाम करायला हे लिहीत नाही. ताईंना किनाऱ्यावरच्या माणसाचे बोलणे हवे आहे. हे एक आहे, आणि त्यात घोड्यावरून येणारे आपण आहोत.

सक्करदरा

हावडा_मेल, अंगाईगीताची गोष्ट मी ऐकून होतो, पण घरातल्या प्रसंगासह ती वेगळी लागते. लढाया त्या काळी सगळेच करत, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. मात्र लुटीची कसोटी मी घाईने लावली, हे मान्य आहे.

एक भर घालतो. रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली गेलेली तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना परत मिळवली. तिच्या पात्यावर देवनागरीत सेनासाहेबसुभा रघूजींचे नाव आहे आणि पुढे "फिरंग" असा शब्द आहे. म्हणजे पाते युरोपी घडणीचे. परदेशी व्यापाऱ्यांकडून आपल्या लोकांना काय हवे होते, ते या एका शब्दात कोरलेले आहे. वाचनवेडीताईंनी किनाऱ्यावरचा माणूस नुसता बघत उभा आहे असे दाखवू नये, तो भावही करत होता.

पोथीबंद

अगदी खरे. कॅनडात हडसन्स बे कंपनी १६७० पासून बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार करत होती आणि तिच्या कोठीवरच्या नोंदींत तिथल्या क्री जमातीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी आहेत: बंदुकीच्या दारूचे माप काठोकाठ भरा, मापात अंगठा घालू नका, बंदूक हलकी द्या, थंडीत चाप गोठणारी नको. कालिकतला उतरलेल्या पहिल्या पोर्तुगीज माणसाला तर ट्युनिसचे दोन व्यापारी भेटले आणि "तू कुठून रे बाबा इथे तडमडलास?" अशा अर्थाचे त्यांनी त्याला विचारले, कारण त्यांना त्याच्या शेजारच्या स्पेनची बोली येत होती. बंदराला आणखी एक गिऱ्हाईक आले, एवढेच वाटले असेल.

सालई

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण वर "गोंडांनी आसरा दिला" आणि "गोंड राजाला तनखा उरला" अशी दोन वाक्ये आली आहेत आणि दोन्हीकडे गोंड दुसऱ्याच्या गोष्टीत पाहुण्यासारखे येऊन जातात, म्हणून लिहितो. माझे गाव अहेरीकडचे, नोकरीमुळे वीस वर्षे नागपुरात आहे.

आमच्या घरात भोसल्यांची गोष्ट नाही आणि लॉर्ड डलहौसीचीही नाही. बाबूराव शेडमाके यांची आहे. १८५८ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध माणसे गोळा केली आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात त्यांना फाशी दिली. ती गोष्ट सांगताना आमच्याकडे एक भाग हळू आवाजात सांगतात, तो असा की त्यांना पकडून द्यायला अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी मदत केली. त्लाश्काला काय, अहेरी काय.

पण माझ्या आजीला विचारले असते की परके कधी आले, तर तिने यातले काहीच सांगितले नसते. तिच्या लेखी परका म्हणजे नाकेदार, जंगलखात्याचा रखवालदार. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगल राखीव होऊ लागले, जंगल जाळून त्या राखेत पेरायची शेती बंद पडत गेली आणि मोहफुले, बांबू, सरपण, सगळ्याला परवाना आला. आजीकडे एक आखूड दांड्याची कुऱ्हाड होती. नाकेदार येताना दिसला की ती धानाच्या ढोलीत खोल खुपसायची आणि वरून धान सारखे करायची. नाकेदार ढोलीत हात घालत नसे, कारण धानाची कुसे टोचतात. माझ्या वडिलांना ती कुऱ्हाड ठेवायची दुसरी जागाच माहीत नव्हती. कायदे बदलले, नाकेदार आमच्याच गावचा झाला, तरी कुऱ्हाड ढोलीतच. ताई, तुमच्या व्याख्यानात जहाजाबरोबर हेही येणे असते, हे सांगाल का? तारीख नसलेले.

वाचनवेडी_धंतोली

सालईभाऊ, सांगेन. तुमची हरकत नसेल तर कुऱ्हाडीसकट, नाव न घेता.

पोथीबंद

सालई यांच्या लेखनानंतर एक गोष्ट जोडून दिसली. ताईंना सागरापार साआगून शोधायला मी पाठवले, पण तसा एक माणूस नागपुरातच होऊन गेला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ पासून इथे होते. त्यांनी गोंडांचे परंपरागत गायक असलेल्या परधानांपैकी एकाकडून लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचे गोंडी गीत उतरवून घेतले. १८६३ मध्ये बोरीजवळ रात्री नाला ओलांडताना ते बुडून वारले आणि त्यांचे कागद मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. म्हणजे राज्य घेणाऱ्यांच्या बाजूच्या माणसाने राज्य गेलेल्यांचे बोलणे टिपले.

आता गंमत पाहा. परक्या माणसाने आस्थेने विचारले, परधानाने किंगरी हे तंतुवाद्य घेऊन गायले, आणि त्या गीतात ना बख्त बुलंद आहे, ना भोसले, ना कंपनी सरकार. गुहेत कोंडलेले गोंड कसे सुटले, लिंगोने त्यांना कसे वाटे करून दिले, हेच आहे. पुढच्या अभ्यासकांना त्यात बाहेरचे संस्कार आढळले, तो वाद वेगळा.

अंबाझरी_काठी

यावरून जोसेफ बँक्स या निसर्गअभ्यासकाची नोंद आठवली. तो इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावर होता. २८ एप्रिल १७७० रोजी जहाज ऑस्ट्रेलियात बॉटनी बे मध्ये शिरले तेव्हा होड्यांत बसून मासे मारणारी माणसे अगदी जवळ होती आणि त्यांनी मान वर करूनही जहाजाकडे पाहिले नाही, याचे त्याला नवल वाटले. एवढे मोठे जहाज त्यांनी पाहिलेले असणे शक्य नाही. थोड्या वेळाने कुकचे लोक किनाऱ्यावर उतरू लागले, तेव्हा मात्र दोन माणसे भाले घेऊन आडवी आली आणि बंदुकीच्या गोळ्या झेलूनही बराच वेळ हटली नाहीत. जहाज जाते आहे तोवर जाऊ दे, आपल्या अंगणात उतरू नको, एवढेच त्यांचे म्हणणे असावे.

काळी_माती

म्हणजे धाग्याचे शीर्षकच चुकले म्हणायचे. जहाज किनाऱ्यावरून कसे दिसले, असे विचारले आणि उत्तर आले की लोक मासे मारत होते.

वाचनवेडी_धंतोली

शीर्षक चुकले खरे, पण सुरुवात मिळाली. मान वर न करणाऱ्या कोळ्यांपासून सुरू करते. मग जायफळ, मग वायटांगीचे दोन कागद, मग सीताबर्डी, आणि लगेच बंगालची अंगाई, म्हणजे श्रोत्यांना फार वेळ एकाच बाजूला बसू देणार नाही. मेक्सिकोचे सोने पाच मिनिटांत उरकेन. शेवटी लिंगो आणि कुऱ्हाड. सक्करदराकाका, तलवारीवरचा "फिरंग" शब्द तुमच्या उल्लेखासह घेते आणि भोसल्यांबद्दलची तुमची हरकतही मांडते. तुम्ही समोर बसलेले असाल तर अधिक बरे, कारण "हे कशावरून?" विचारणारा नेहमीचा एक गृहस्थ तुमच्याकडे वळवता येईल.

सक्करदरा

येतो. मात्र अप्पासाहेबांना दोन मिनिटे द्यावीत, ही अट आहे.

सालई

मीही येईन. कुऱ्हाड अजून गावी ढोलीतच आहे. शनिवारी जाणे होते आहे, फोटो काढून आणतो.

वाचनवेडी_धंतोली

फोटोपेक्षा प्रत्यक्ष कुऱ्हाडच आणता आली तर पाहा ना.

सालई

आईला विचारतो. ती काढू देईल असे वाटत नाही.